पाणी तुंबलं की मातीतलं तांबं कुठं जातं?

कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर पोफळीवर बोर्डो मिश्रण मारतात. सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून. आमच्या मामांच्या बागेत हे काम म्हणजे एक छोटा सोहळाच असायचा. एका प्लॅस्टिकच्या पिंपात मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, निळंशार पाणी, दुसऱ्यात चुन्याची निवळी, दोन्ही तिसऱ्यात एकत्र ओतायची आणि काठीनं ढवळत राहायचं. मग मामा घासून लख्ख केलेला कोयता त्यात बुडवत, थोडा वेळ तसाच धरत आणि वर काढून पात्याकडे डोळे बारीक करून बघत. पातं जसंच्या तसं असेल तर मिश्रण तयार. पात्यावर तांबूस थर दिसला की, ‘अजून चुना घाल रे.’

ती लाली म्हणजे गंज नव्हे, ते चक्क धातूचं तांबं असतं. चुना कमी पडला की थोडं तांबं पाण्यात मोकळं राहतं, आणि हे मोकळं तांबं पानं जाळतं. त्याला इलेक्ट्रॉनांची भूक असते. लोखंड समोर आलं की ते लोखंडाकडून दोन इलेक्ट्रॉन हिसकावतं आणि धातू होऊन तिथंच चिकटून बसतं. म्हणूनच हे मिश्रण लोखंडी भांड्यात करत नाहीत.

ही कोयत्याची गोष्ट लक्षात ठेवा. शेतात आठ-दहा दिवस पाणी तुंबलं की चिखलाच्या पोटात काहीसं असंच घडतं. तिथं कोयता नसतो, इलेक्ट्रॉन द्यायला जिवाणू असतात. पुराच्या पाण्यानं मातीतलं तांबं वाहून जातं का, वाढतं का, पिकाला मिळतं की मिळत नाही, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या देवघेवीत आहेत.

आधी हे तांबं असतं तरी किती, ते पाहू. हेक्टरभर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर तोलला तर साधारण २२ लाख किलो भरतो. मातीत किलोमागे ३० मिलिग्रॅम तांबं धरलं, तरी हेक्टरी ६५ किलोच्या आसपास झालं. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या काळ्या जमिनीत तर ते याहून बरंच जास्त सापडतं, कारण मूळ खडकातच ते भरपूर आहे. पिकाची गरज मात्र चिमूटभर. वाळलेल्या पानात किलोमागे ५ ते २० मिलिग्रॅम असलं की झाडाचं भागतं. पण ती चिमूट मिळाली नाही तर प्रकाशसंश्लेषण अडतं, खोडाला ताठपणा येत नाही, परागकण वांझ होतात आणि भाताच्या लोंबीत पोचट दाणे भरतात.

हेक्टरी साठ किलो असताना चिमूट कमी कशी पडेल? घरात कोठीभर तांदूळ आहे, पण कोठीला कुलूप आहे, असा हा मामला आहे. मातीतलं बहुतेक तांबं कुलपात असतं. काही खडकाच्या कणांतच अडकलेलं, काही लोखंड आणि मँगनीजच्या गंजासारख्या लेपावर चिकटलेलं (कोकणातली माती लाल दिसते ती या लोहगंजामुळेच), काही चुनखडीबरोबर, आणि बराच मोठा वाटा कुजलेल्या पालापाचोळ्याच्या, म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या मिठीत. ही मिठी फार घट्ट असते. जस्त, मँगनीज, निकेल यांच्यापेक्षा तांबं सेंद्रिय पदार्थाला जास्त घट्ट धरून बसतं. मातीतल्या ओलाव्यात जे काही तांबं विरघळलेलं असतं, त्यातलंसुद्धा जवळजवळ सगळं कुठल्या ना कुठल्या सेंद्रिय रेणूच्या कडेवर बसलेलं असतं. खरोखर सुटं, मोकळं फिरणारं तांबं नगण्य. ‘उपलब्धता’ हा शब्द कृषी खात्याच्या पत्रकांत सारखा येतो. त्याचा अर्थ एवढाच, की एकूण साठ्यापैकी मुळाला हाती लागेल असं किती. पुरानं एकूण साठा फारसा बदलत नाही. बदलतात ती कुलपं.

आता पाणी भरू या.

वाफशावरच्या मातीत कणांच्या मधल्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असते. पाणी तुंबलं की हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, आणि नवी आत शिरत नाही, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानानं सुमारे १०,००० पट हळू पसरतो. आत अडकलेला ऑक्सिजन जिवाणू आणि मुळं मिळून एखाद-दोन दिवसांत संपवतात. उन्हाळ्यात पाणी कोमट असेल तर काही तासांत.

जिवाणूंची अडचण अशी, की त्यांना खायला भरपूर असतं, पण खाताना हातात आलेले इलेक्ट्रॉन ठेवायला जागा नसते. इलेक्ट्रॉन म्हणजे हातावरचा निखारा, तो कुणाच्या तरी ओंजळीत टाकायलाच हवा. ऑक्सिजन हा सगळ्यात उत्तम घेणारा. तो संपला की जिवाणू नायट्रेट शोधतात. म्हणून तर तुंबलेल्या शेतातला युरियाचा नत्र हवेत उडून जातो आणि पीक पिवळं पडतं. नायट्रेट संपलं की मँगनीजचा काळा लेप, मग लोखंडाचा लाल गंज, मग सल्फेट, आणि अगदी शेवटी कार्बन डायऑक्साइड, ज्याचा मिथेन होतो. क्रम ढोबळमानानं ठरलेला आहे. शास्त्रज्ञ ही उतरण मिलिव्होल्टमध्ये मोजतात; आकडा जितका खाली, तितकी इलेक्ट्रॉन घेणाऱ्यांची टंचाई. वाफशावरच्या मातीत आकडा +४०० च्या वर असतो आणि महिनाभर पाण्याखाली राहिलेल्या भातखाचरात तो -२०० पर्यंत उतरू शकतो. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत फेलिक्स पोन्नमपेरुमा या श्रीलंकेच्या शास्त्रज्ञानं या उतरणीचा आयुष्यभर अभ्यास केला. बुडालेल्या जमिनींच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा १९७२ चा प्रदीर्घ लेख या विषयातले लोक अजूनही आधी उघडतात.

मोजमाप नको असेल तर नाक आणि डोळे पुरतात. लाल माती आधी राखाडी, मग निळसर-काळी होते. पाय घातला की बुडबुडे येतात. कुजक्या अंड्याचा वास आला की समजावं, गाडी सल्फेटच्या स्टेशनावर पोचली.

या उतरणीत तांब्याचं काय होतं? बहुतेक पुस्तकांत एका ओळीचं उत्तर असतं: ‘पाणी साचल्यावर तांब्याची उपलब्धता घटते.’ चूक नाही, पण अर्धवट आहे. पहिल्या काही दिवसांत बऱ्याच जमिनींत नेमकं उलट होतं. लोखंड आणि मँगनीजचा लेप विरघळायला लागतो, आणि त्या लेपावर बसलेलं तांबं निराधार होतं. भिंतच पडली तर खुंटीवरची पिशवी कुठं राहणार? शिवाय कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून सेंद्रिय रेणू पाण्यात उतरतात आणि सुटलेल्या तांब्याला कडेवर घेऊन फिरतात. या काळात शेतातून पाणी वाहत बाहेर जात असेल, तर त्यासोबत तांबंही ओढ्यात जातं.

मग कुलपं पडायला सुरुवात होते. पहिलं कुलूप सामूचं, म्हणजे पीएचचं: ७ च्या खाली माती आम्ल, वर विम्ल. बुडालेली माती, मग ती आम्ल असो की विम्ल, काही आठवड्यांत सामू ७ च्या आसपास येऊ पाहते. कोकणातली साडेपाच सामूची जांभी माती वर चढते, कारण लोखंडाचा गंज इलेक्ट्रॉन घेऊन विरघळतो तेव्हा आम्लता खर्च होते. मोकळ्या तांब्याचं गणित असं, की सामू एक अंकानं वाढला तर ते साधारण शंभरपट घटतं. म्हणजे कोकणच्या खाचरात केवळ सामूच्या चढणीनं मोकळं तांबं जवळपास गायब व्हावं. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत उलटं. तिथं सामू सव्वाआठवरून खाली येतो, कारण जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनवतो. नुसत्या सामूकडे पाहिलं तर कृष्णाकाठच्या मळीच्या जमिनीत पुरानंतर तांबं मोकळं व्हायला हवं. पण तेवढ्यावर हिशेब संपत नाही, कारण दुसरं कुलूप त्याहून मोठं आहे.

ते गंधकाचं. सल्फेटचं सल्फाइड झालं की तांब्यावर त्याची झडप पडते. कॉपर सल्फाइड इतकं अविद्राव्य आहे, की साध्या पाण्याच्या दृष्टीनं तो दगडच. निसर्गात तांब्याची खनिजं बहुतांशी सल्फाइडच असतात, हा योगायोग नव्हे. जस्त, शिसं, कॅडमियमही सल्फाइड बनवतात, पण रांगेत तांबं पुढे असतं. सल्फाइड थोडंच असेल तर ते आधी तांब्याला मिळतं.

म्हणून कुठलं पाणी तुंबलंय हेही महत्त्वाचं. पावसाच्या पाण्यात सल्फेट नावालाच असतं. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरमागे २.७ ग्रॅमच्या आसपास. रायगड-रत्नागिरीतल्या खार जमिनी किंवा गोव्यातली खाजनं, जिथं बांध फुटला की भरतीचं पाणी आत येतं, तिथं गंधकाचा तुटवडा कधीच नसतो. तिथला काळा, वास मारणारा चिखल तांब्याला चांगलाच कोंडून ठेवतो. मात्र असा चिखल पुढे उघडा पडून सुकला, तर सल्फाइडचं पुन्हा ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल तयार होतं, सामू धाडकन खाली येतो आणि कोंडलेलं तांबं एकदम मोकाट सुटतं. बांधाची दुरुस्ती रेंगाळलेल्या खाजनात पीक जळतं तेव्हा दोष एकट्या मिठाला देऊन चालत नाही.

आता परत कोयत्याकडे. झ्युरिकमधल्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी जर्मनीतल्या मुल्डे नदीकाठची पूरमाती प्रयोगशाळेत आणून काही आठवडे बुडवून ठेवली. मुल्डे ही एल्बेची उपनदी. तिच्या उगमाकडच्या डोंगरांत शतकानुशतकं खाणी चालल्या, त्यामुळे काठच्या मातीत धातू भरपूर. सगळ्यांचा अंदाज होता की तांबं थेट सल्फाइड होईल. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत मजेदार गोष्ट निघाली. सल्फेटची पाळी येण्याआधीच जिवाणूंनी तांब्याच्या हातावर निखारे टाकले होते, आणि जिवाणूंच्या अंगावर अतिसूक्ष्म स्फटिकांच्या रूपात धातूचं शुद्ध तांबं जमलं होतं. मामांच्या कोयत्यावरची लाली, फक्त डोळ्यांना न दिसणारी. सल्फाइड तयार व्हायला लागल्यावर हे स्फटिक हळूहळू सल्फाइड बनले.

पण खरी मेख पुढे आहे. हे सल्फाइड तळाशी बसून राहिलं नाही. त्याचे कण इतके बारीक होते, की ते पाण्यात तरंगत राहिले, गढूळपणासारखे. विरघळलेलं तांबं मोजण्याची नेहमीची पद्धत म्हणजे पाणी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून काढायचं आणि खाली आलं ते ‘विरघळलेलं’ समजायचं. हे कण त्या छिद्रांतून सहज निसटतात. म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबानं तांबं कुलपात, पण कुलपासकट कोठीच पाण्याबरोबर निघालेली. मुळाला ते मिळत नाही, पण नदीला मिळतं. ‘अविद्राव्य म्हणजे जागच्या जागी’ हे समीकरण मला तोवर पक्कं वाटायचं.

नदीला मिळालं तर बिघडलं काय? अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सची कहाणी यासाठी सांगण्यासारखी आहे. ओकीचोबी सरोवराच्या दक्षिणेला मैलोगणती दलदल, हजारो वर्षं पाण्याखाली कुजत साठलेल्या गवताची काळी, भुसभुशीत माती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाण्याचा निचरा करून ती लागवडीखाली आणली. दिसायला सोन्यासारखी जमीन, पण पिकं काही उभी राहीनात. १९२० च्या दशकात तिथल्या कृषी संशोधकांनी दाखवून दिलं की तांबं कमी पडतंय. सेंद्रिय पदार्थाची मिठी एवढी घट्ट, की पिकाच्या वाट्याला काहीच येत नव्हतं. थोडा मोरचूद टाकला आणि पिकं उठली.

त्याच दक्षिण फ्लोरिडात, थोड्या अंतरावर, संत्र्या-मोसंब्यांच्या बागांत बुरशी आणि कँकर या जिवाणूजन्य रोगासाठी वर्षानुवर्षं तांब्याची औषधं फवारली गेली. तिथं तांबं साचलं. पुढे २००० साली एव्हरग्लेड्सला पुन्हा पाणी देण्याची प्रचंड योजना मंजूर झाली आणि यातल्या काही जुन्या बागा पाणसाठे, दलदली करण्यासाठी निवडल्या गेल्या. म्हणजे फवारलेली माती कायमची पाण्याखाली जाणार. संशोधकांनी ती माती आणून बुडवून पाहिली, तर तांबं पाण्यात उतरत होतं. त्या पाण्यात तिथल्या गोल, मोठ्या गोगलगायी वाढवल्या, तर तांबं त्यांच्या अंगात साठत होतं, आणि जास्त तांब्याच्या मातीत पिल्लं तग धरत नव्हती. गोगलगायींना तांबं फार बाधतं. मोरचूद गोगलगायी मारायला वापरतातच. आणि तिथं एक घार आहे, जिचं पोट जवळजवळ पूर्णपणे अशाच गोगलगायींवर चालतं. मोसंबीच्या पानावरचा फवारा, कित्येक वर्षांनी, घारीच्या घरट्यापर्यंत पोचू शकतो.

आपल्याकडे हिशेब करून बघायला हरकत नाही. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद. मोरचुदात तांबं चौथा हिस्सा. हेक्टरी हजार लिटर फवारलं तर अडीच किलो तांबं, आणि आज ना उद्या ते बहुतेक मातीत येतं. २२ लाख किलो मातीत अडीच किलो म्हणजे किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षा थोडं जास्त. एका फवारणीला काहीच नाही. पण द्राक्षाला डाऊनी या रोगासाठी, पोफळीला कोळेरोगासाठी ते दर वर्षी, कधी दोन-तीनदा जातं, आणि तांबं कुजत नाही, उडत नाही. ज्या गावच्या नावानं हे मिश्रण ओळखलं जातं त्या फ्रान्सच्या बोर्डो भागात १८८५ पासून ते वापरात आहे, आणि तिथल्या जुन्या मळ्यांत काही ठिकाणी किलोमागे शेकडो मिलिग्रॅम तांबं साचलंय. युरोपीय संघानं २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली ती उगाच नाही. आपल्या द्राक्षबागा निचऱ्याच्या जमिनीवर असतात, त्यामुळे तुंबण्याचा प्रश्न कमी. पोफळीच्या बागा, गोव्यातली कुळागरं मात्र वहाळाकाठी, सखल जागीच असतात. मला काळजी वाटते ती तिथली.

आता मुळाच्या बाजूनं बघू. मातीत तांबं सुटं झालं म्हणजे पिकानं ते घेतलं असं नाही. ऊस, सोयाबीन, हळद यांची मुळं पाण्याखाली गुदमरतात. श्वास नाही तर ऊर्जा नाही, ऊर्जा नाही तर अन्नद्रव्य आत ओढून घेणार कोण? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा-पंचगंगेचं पाणी शिवारात दिवसेंदिवस उभं होतं. अशा पुरातून वाचलेलं पीक पिवळं दिसतं तेव्हा पहिला संशय नत्र आणि मुळांवर घ्यावा. काळ्या जमिनीत तांब्याची कमतरता मुळातच क्वचित. पुरानंतर हळदीला, आल्याला, डाळिंबाला कॉपर ऑक्सिक्लोराईडची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) सुचवतात, ती कंदकूज-मूळकूज करणाऱ्या बुरशीसाठी. झाडाला ‘तांबं पाजणं’ हा तिचा हेतू नाही. एकदा झाली, फरक दिसेना, म्हणून पुन्हा पुन्हा करणं म्हणजे वरच्या हिशेबात भर.

भात हा या सगळ्यातला वस्ताद. त्याच्या मुळांत पोकळ नळ्या असतात, पानांकडून हवा खाली येते आणि मुळातून थोडा ऑक्सिजन बाहेरही झिरपतो. त्यामुळे मुळाभोवती विरघळलेलं लोखंड पुन्हा गंजतं आणि मुळावर विटकरी लेप चढतो. लावणीनंतर महिन्याभरानं एखादा चूड उपटून धुऊन बघा, मुळं तांबूस दिसतील. या लेपावर तांबं अडकतं, म्हणजे जास्तीचं असेल तर ढाल, कमी असेल तर अडसर. मुळं काळी पडली असतील आणि वास येत असेल तर सल्फाइड जिंकलंय, आणि चार दिवस पाणी तोडून खाचराला भेगा पडेपर्यंत सुकवणं हा जुनाच उपाय लागू पडतो. हवा आत शिरली की सल्फाइडची कुलपं सैल होतात. त्याच वेळी लोखंडाचा ताजा गंज तयार होतो, आणि ताज्या गंजाची तांबं धरायची ताकद जुन्यापेक्षा मोठी असते. त्यामुळे सुटलेलं सगळंच पिकाला मिळतं असं नाही. हातात येतं आणि थोडं निसटतं.

राहिला माती तपासणीचा प्रश्न. मृदा आरोग्य पत्रिकेवरच्या बारा आकड्यांत तांबंही असतं. आपल्याकडे डीटीपीए नावाच्या द्रावणानं ते काढतात आणि किलोमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर कमतरता मानतात. पद्धत चांगली आहे. फक्त नमुना आधी सावलीत सुकवतात, कुटतात, चाळतात. सुकताना त्या मातीत हवा जाते, आणि चिखलात पडलेली बरीचशी कुलपं पिशवीतच उघडतात. म्हणजे पत्रिकेतला आकडा सुक्या मातीचा. गव्हा-हरभऱ्याला तो नीट लागू पडतो, पण ऑगस्टमध्ये गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या भाताच्या मुळाला वेगळाच आकडा दिसत असतो. म्हणून नमुना देताना पिशवीतल्या चिठ्ठीवर नाव, गट नंबर आणि पीक यांच्या खाली एक ओळ जास्तीची लिहून टाकावी: या जागी पाणी किती दिवस उभं होतं, आणि ते ओसरून किती दिवस झाले.